नामदेवबाबांनी ओतून दिलेलं पाणी

नामदेवबाबांच्या हातचं मीठ पांढरंशुभ्र असायचं, हे वैतरणेच्या खाडीकाठच्या चार गावांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नव्हतं त्याला ते स्वतः सांगत. चाळीस वर्षं त्यांनी एकाच मिठागरावर काढली. पाणी पिकलं, म्हणजे मीठ धरण्याइतकं दाट झालं, की नाही हे बघायला त्यांना कुठलं यंत्र लागत नसे. तळहात पाण्यात बुडवायचा, उन्हात धरायचा आणि कातडीवर पांढरी साय किती वेळात धरते ते बघायचं. सात वर्षांपूर्वी मालकाने आगर बंद केलं, गडी पांगले, आणि बाबा बोईसरजवळ पाम गावी मुलाकडे राहायला आले. त्यानंतर त्यांनी आगराचं तोंड पाहिलं नव्हतं. मेलेल्या जनावराला काय बघायला जायचं, म्हणत.

पामच्या घरात त्यांना कशाची ददात नव्हती, आणि कामही नव्हतं. मुलगा सुजीत तारापूरच्या कारखान्यात पाळीला जाई, सून दीपा बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवी. बाबा गॅलरीत बसून समोरच्या बाईने वाळत घातलेल्या मिरच्यांवर नजर ठेवत. त्या बाईने त्यांना तसं सांगितलं नव्हतं. आपण आता कुणाच्या उपयोगाचे राहिलो नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं आणि घरातलं कुणी ते खोडून काढत नव्हतं. वाईट हेतू नव्हता, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

डिसेंबरात एका रविवारी दीपा त्यांच्यासमोर येऊन बसली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिची नववीतली विद्यार्थिनी रिद्धी भाग घेणार होती. विषय होता बेन्नू नावाच्या लघुग्रहाचा. एका यानाने तिथली सव्वाशे ग्रॅमसुद्धा भरणार नाही एवढी माती पृथ्वीवर आणली होती. तिच्यात बरीचशी चिकणमातीच्या जातीची खनिजं होती, पण दीपाला वेड लावलं होतं त्यातल्या क्षारांनी. हा लघुग्रह ज्या मोठ्या गोळ्यातून फुटून निघाला, त्याच्या पोटात साडेचार अब्ज वर्षांपूर्वी खारं पाणी साचलेलं होतं. ते सावकाश आटत गेलं आणि आटता आटता एकेक क्षार आपापल्या पाळीने बसत गेला. त्यात सोड्याचे क्षार होते, आणि आपण भाजीत घालतो ते मीठही होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे आगरच की."

दीपा म्हणाली, तेच तर. तिला मुलांना दाखवायचं होतं की खारं पाणी आटलं की खाली काय काय उरतं. बाबा करून देतील का? बाबांनी हो म्हणायलाही वेळ घालवला नाही. दुसऱ्या दिवशी ते चिंचणीच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन भरून रिक्षाने घेऊन आले.

गच्चीवर परातींची रांग लागली. शेजाऱ्यांच्या पराती मागून आणल्या गेल्या. बाबा उजाडताच वर जात, जेवायला हाक मारावी लागे. पहिल्या परातीत पाणी तापलं की तळाशी खरबरीत पापुद्रा धरायचा, त्याला घरात सगळे खर म्हणू लागले. ते वरचं पाणी अलगद दुसऱ्या परातीत ओतत आणि पापुद्रा घासून टाकत. मग मीठ धरायचं. मिठावर शेवटी थोडं पिवळसर पाणी उरायचं, जिभेला लावलं तर कडू. तेही ते ओतून देत. तीन आठवडे त्यांची भूक वाढली, बोलणं वाढलं आणि मिरच्यांकडचं लक्ष उडालं. प्रदर्शनाला पाच दिवस उरले तेव्हा त्यांनी स्टीलच्या ताटात मीठ घालून दीपापुढे ठेवलं. दुधासारखं मीठ होतं.

दीपाने ताट बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. "बाबा, आधी खाली बसलेली खर कुठाय?"

"घासून टाकली."

"आणि शेवटचं कडू पाणी?"

"वतून दिलं. त्ये कुनी ठेवतं का? मीठ नासतं त्यानं."

दीपाने ताटातलं मीठ बोटाने चाळवलं. तिला नेमके तेच हवे होते: आधीचा थर, मधलं मीठ, वरचा कडू क्षार, सगळे एकावर एक, जसे बसले तसे. आपण नीट सांगितलं नाही ही आपलीच चूक. चाळीस वर्षं जे हात चांगलं तेवढं ठेवून बाकीचं टाकत आले, ते आता काय वेगळं करणार होते? ती म्हणाली, "असू द्या बाबा. आपण चित्र काढू."

रागावली असती तर बरं झालं असतं. "असू द्या" हे लहान मुलाला म्हणतात, नाहीतर म्हाताऱ्याला, आणि बाबांना त्यातला फरक चांगला कळत होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नव्याने आटवायला पाच दिवसांचं ऊन पुरणार नव्हतं. सकाळी त्यांनी पिठाचा रिकामा डबा घेतला, कोयता घेतला आणि बोईसरहून गाडी पकडून वैतरणा गाठलं. आगरावर जायचा रस्ता पाय विसरले नव्हते. बांध जागोजाग फुटले होते, पाणी अडवायची फळी नाहीशी झाली होती, वाफ्यांत तिवरांची झुडपं माजली होती. बाबांना वाटलं होतं तितकंच वाईट दिसलं. पण कोपऱ्यातला एक वाफा शाबूत होता. पावसाळ्यानंतर उधाणाचं पाणी त्यात शिरलं होतं, अडकलं होतं आणि आपलं आपण आटलं होतं.

ते उकिडवे बसले आणि कोयत्याने एक वडी कापली. खाली राखाडी चिखल. त्यावर खरबरीत पापुद्रा. त्यावर बोटभर मीठ, मळकं, आणि अगदी वर ओलसर पिवळट थर. त्यांनी तो जिभेला लावला. कडू होता.

त्यांना आधी रागच आला. आपण गेल्यावर हे बंद पडायला हवं होतं. सात वर्षं दर हिवाळ्यात इथे पाणी येत होतं, आटत होतं, आणि त्याचं नामदेववाचून काही अडलं नव्हतं. मग हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. वडी डब्यात ठेवून त्यांनी झाकणाच्या कडेने कापड दाबून बसवलं आणि वरून प्लास्टिक बांधलं, कारण दमट हवा लागली की मीठ रडतं. घरी दीपाने डबा उघडला, एकेक थर मोजला, आणि म्हणाली की शास्त्रज्ञांनीही बेन्नूचा तो नमुना असाच हवाबंद ठेवलाय. हवेतल्या दमटपणाने त्यातले क्षार विरून गेले असते.

प्रदर्शन पालघरला होतं. काचेच्या बशीत वडी ठेवून रिद्धीने न अडखळता सगळं सांगितलं. बेन्नूवरचं पाणी समुद्रासारखं नव्हतं, त्यात सोडा जास्त, म्हणून क्षार वेगळे. पण पाळीने बसण्याची रीत हीच, हेही तिने सांगितलं. परीक्षक बाई वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, इतके स्वच्छ थर कुणी तयार केले?

रिद्धीने दीपाकडे बघितलं, दीपाने बाबांकडे. बाबांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण ते खुर्चीवरून उठले, पिशवीतून आपलं पांढरं मीठ काढलं आणि बशीशेजारी ठेवलं.

"ही वडी मी नाय केली, बाई. मी केलं त्ये ह्ये. ह्ये लई चांगलं हाय, पन ह्याच्यातनं तुमाला काय बी कळनार नाय. जे कळायचं त्ये मी वतून दिलं. त्या आभाळातल्या दगडावर माझ्यासारका कुनी हुशार नव्हता, म्हनून तिथं समदं ऱ्हायलं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि पहिलं काय टाकता, दुसरं काय, पाणी पिकलं हे कसं ओळखता, असं एकेक विचारून वहीत लिहून घेतलं. पाऊण तास गेला. पुढच्या टेबलावरची मुलं ताटकळली.

परतताना दीपा म्हणाली, "बाबा, सोमवारी शाळेत याल? नववीला हा धडा तुम्हीच सांगा."

बाबांनी विचारलं, "किती वाजता?"