माहितीपुस्तिकेची परवानगी

कपाट आवरताना जुना ई-रीडर हाती आला आणि बायकोच्या डोळ्यांच्या दुखण्याचा तो उन्हाळा आठवला. वडवणीत घरी बसून ती बीडच्या एका कचेरीचं संगणकाचं काम करायची. कचेरीनं एक नवं, सगळ्यांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर घेतलं. महिनाअखेर त्यावर तिची चाचणी होती आणि ती जमली नाही तर काम जाणार होतं. माहितीपुस्तिका इंटरनेटवर होती, पण मोबाईलवर किंवा संगणकावर सलग वाचलं की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ई-रीडरच्या कागदासारख्या पडद्याचा त्रास होत नसे, म्हणून मी त्या पुस्तिकेचं ई-पुस्तक करायला घेतलं. रुंद तक्ते पडद्यावर मावेनात, तेव्हा ते मोडून ओळीखाली ओळ लावले. पण लिहिणाऱ्यांना विचारल्याशिवाय ते तिच्या हाती देणं मनाला पटेना. त्यांना ईमेल पाठवून मी वाट पाहत बसलो. ती वैतागली. "आता काहून थांबलात? कुणीबी घ्या, बदला, असं त्यांनीच लिहिलंय की! शेजारी विरजण मागायला जाताना अर्ज देता काय?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की परवानगी कधीचीच दिलेली आहे, फक्त वाचताना तुमच्या पत्नी कुठं अडतात तेवढं कळवा. तिनं दुपारभर लिंबाखाली बसून वाचलं आणि अडलेल्या जागा टिपून ठेवल्या. "त्यांना लिहा आता," ती म्हणाली, "मी सांगते तसं." त्यांनी खुलासे लिहून पाठवले आणि चाचणी ती पास झाली. ज्यांना आम्ही कधी पाहिलंही नाही, त्यांनी तिचं काम राखलं, आणि तिनं विचारलेल्या शंकांचे खुलासे आजही त्या पुस्तिकेत आहेत.