कासवाची सही

तुमचा मूळपुरुष थोर होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्याच्याच नातवंडांनी ना?

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला आमच्या शेजारी एक काकू राहतात. काकांच्या व्हिसावर त्या इथे आल्या, जुनी डच भाषा शिकल्या आणि आता अमेरिकन लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देतात. चारशे वर्षांपूर्वी इथून अमेरिकेत जाऊन वसलेल्यांची खरेदीखतं त्या लॅपटॉपवर वाचतात, पण पद्धत अस्सल साताऱ्याची. आधी ‘लिहून देणार’, म्हणजे जमीन देणारा, कोण ते बघायचं, ‘लिहून घेणार’ नंतर. “घेणारा काय गं, मिरवतोच,” असं त्या भाजी निवडता निवडता म्हणतात.

परवा एक अमेरिकन गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर चिडलं. त्याच्या पूर्वजाला जमीन देणाऱ्या तिथल्या मूळ रहिवाशाने सहीऐवजी कासव काढलं होतं, आणि काकूंनी ते वंशावळीत सगळ्यात वर छापलं होतं.

“ते कासव काढून टाका. घरचा समारंभ आहे,” तो म्हणाला.

“काढते की,” काकू म्हणाल्या. “पण देणाराच काढला, तर तुमचे पूर्वज घुसखोर ठरतात. तसं लिहू?”

त्याने कॉल कापला. काकूंची तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. “बघतेस काय? कोथिंबीर निवड,” त्या मला म्हणाल्या.

मला लाज वाटली, कारण गावाकडच्या आमच्या जमिनीचा कागद मी कधी उघडलाच नव्हता. मग जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याच्या नोंदी, मागवले. त्यातलं देणाऱ्याचं नाव सांगितल्यापासून जमीन मुळात आपल्याच पूर्वजांची म्हणून मिरवणारी आत्या माझा फोन उचलत नाही. तुम्हीही मागवा, आणि ते नाव घरातल्या पुढच्या लग्नात माइक हातात घेऊन वाचा.