जमनी हांड्यापाशी उभी राहते

दारव्ह्याच्या अलीकडे, सडकेपासून आत, हिरासिंग नायकाचा तांडा होता. त्या तांड्यात जमनी नावाची बाई होती, आणि महाराष्ट्र राज्य झालं त्या सालापर्यंत या बाईला बसायचं कसं असतं हेच ठाऊक नव्हतं. खोटं नाही सांगत. जेवायची उभ्यानं, भांडायची चालता चालता. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून रानावनातून धान्य-मीठ वाहणाऱ्या बापाची ती पोर. लग्न होऊन या तांड्यात आली, नवरा धरमसिंग लवकर वारला, तेव्हा तिनं डोक्यावर लाकडाची मोळी घेतली, कडेवर देवसिंग नावाचा लेक घेतला आणि दारव्ह्याचा बाजार धरला. मोळी विकायची, पोराला फुटाणे घ्यायचे आणि येताना रस्ताभर गात यायचं. गळा असा की झाडावरची माकडं पळून जावीत, पण गायची मात्र मन भरून.

पुढे देवसिंग मोठा झाला, शेतात राबला, कपाशीनं हात दिला, आणि पठ्ठ्यानं घराच्या ओसरीला दुकान टाकलं. तेल-मीठ-गूळ-विडी. गल्ल्यामागे गादी घातली आणि तिच्यावर बसला तो बसलाच. पोट सुटलं, गाल सुटले, आणि डोक्यात एक खूळ शिरलं. दारव्ह्याहून त्यानं नवी कोरी खाट आणली, दुकानातून दिसेल अशी दारासमोर टाकली आणि मायला म्हणाला, "याडी, आपल्या सात पिढ्या चालून चालून मेल्या. आता तू चालाचं नाही. बस अथी." याडी म्हणजे माय. तर ही याडी बसली.

पहिले काही दिवस काय तो थाट! सून मोतीबाई पाणी आणून देते, भाकर आणून देते, येणारी-जाणारी बाई दोन घटका उभी राहून खाटेकडे डोळे भरून पाहते. जमनीला वाटलं, स्वर्ग स्वर्ग म्हणतात तो हाच असेल. मग हळूहळू अंगावर मांस चढलं. गुडघे कुरकुरू लागले. खाल्लेलं पचेना, डोळ्याला डोळा लागेना, आणि स्वभाव तर असा नासला की विचारू नका. कोंबड्यांना शिव्या, सुनेला शिव्या, उन्हाला शिव्या. एके दिवशी शेजारच्या सुखीबाईनं नुसतं "जेवली काय वं?" विचारलं, तर ही ढसाढसा रडायलाच लागली. काहून रडते, तर तिलाही सांगता येईना. गाणं तर कधी बंद पडलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

लेक घाबरला. दमणी जुंपून मायला दारव्ह्याला गुलाम नबी हकिमाकडे घेऊन गेला. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली आणि भूक लागायचं चूर्ण दिलं. चूर्ण अस्सल निघालं. जमनी दोन वेळची चार वेळा जेवू लागली आणि खाटेची सुतळी खाली लोंबू लागली. घ्या, आणखी घ्या औषध!

अशातच दिवाळीच्या सुमारास मोतीबाईला मुलगा झाला. आता इथं एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढची सगळी गंमत वाया जाईल. ज्या घरी त्या साली मुलगा झाला, त्या घरासमोर होळीला धुंड होते. अंगणात दोन खुंट रोवायचे, गोड गुंज्यांनी, म्हणजे करंज्यांनी म्हणा, भरलेला हांडा त्यांना दोरखंडानं करकचून बांधायचा. बायका लाठ्या घेऊन भोवती उभ्या राहतात. तांड्यातले गडी, त्यांना गेरिया म्हणतात, ते हांडा सोडवून पळवायला येतात. बायका त्यांना बडवतात. लुटुपुटीचं नाही हं, चांगलं बडवतात! पाठीवर वळ घेऊन गडी वर्षभर मिरवतो. आणि हिरासिंगाच्या तांड्यात असं होतं की ज्या घरचा हांडा, त्या घरची आजी पहिल्या ओळीत. जमनीनं दुसऱ्यांच्या नातवंडांसाठी किती पाठी शेकल्या होत्या! स्वतःच्या नातवाच्या हांड्याची वाट ती लेकाच्या लग्नापासून पाहत होती.

"म्या उभी राहीन पयल्या ओळीत," खाटेवरून तिनं जाहीर केलं.

सुखीबाई फिस्सकन हसली. ही जमनीच्याच वयाची, काडीसारखी वाळकी, अजून डोंगरावरून मोळी आणणारी, आणि जिभेला हाड नाही. "तू? तू हांडा राखशीन? बाई, तुलेच हांड्यासारखी बांधून ठेवा लागन!"

देवसिंग तर ऐकायलाच तयार नाही. "याडी, हात-पाय मोडले म्हंजे? लोक मले काय म्हनतीन? तू खाटेवर बसून पाह्य. उभी राहाचं नाही, सांगून ठेवतो." आणि गेला गादीवर.

जमनीनं रागानं उठून दाखवायचं ठरवलं. उठली, अंगण ओलांडलं, आणि धाप लागून भिंतीला टेकली. लेकाला तर गुंडाळता येईल, पण या अंगाचं काय करायचं?

युक्ती काढली मोतीबाईनं. बिचारी ओली बाळंतीण, पोर रात्रभर जागवतं, दिवसा विहिरीवरून पाणी ओढायचं, पेंगून पेंगून जीव गेलेला. ती म्हणाली, "याडी, तुमी माही कामं करा. म्या तुमची खाट सांभाळतो." दुसऱ्या दिवसापासून सासूची ओढणी नाकाखालपर्यंत ओढून, हातातल्या बांगड्या गोधडीत लपवून, पोराला कुशीत घेऊन सून खाटेवर बसली, आणि सासू मागच्या दारानं घागरी घेऊन पसार! दुकानातून देवसिंग ओरडायचा, "याडी, बरं हाय ना?" खाटेवरून उत्तर यायचं, "हूं." तो खूश. माय अलीकडे शिव्या देत नाही, किती गुणाची झाली!

पहिल्या दिवशी जमनी अर्ध्या वाटेत बसली. दुसऱ्या दिवशी पाणी सांडलं निम्मं. सुखीबाई तिच्या मागे लागली, शिव्या घालत, टोचत, "चाल वं ढोली, चाल!" म्हणत तिला डोंगरापर्यंत नेऊ लागली. अंग असं दुखलं की जमनी कूस बदलताना कण्हायची. पण त्या दुखण्यानं झोप लागली! अशी झोप की कोंबडा कानाशी आरवला तरी पत्ता नाही. मग भूक लागली, हकिमाच्या चूर्णाशिवाय. मग एक दिवस डोंगर उतरताना तिच्या तोंडातून आपोआप लेंगी निघाली, होळीचं गाणं, आणि समोरच्या पळसावरून दोन माकडं पळाली. सुखीबाई पोट धरून खाली बसली. दोघी म्हाताऱ्या रस्त्यात बसून इतक्या हसल्या की मोळी घसरून खाली आली. सगळ्या तांड्याला ठाऊक झालं होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या देवसिंगाला.

होळी तोंडावर आली. एका दुपारी डोक्यावर दोन भरल्या घागरी घेऊन जमनी मागच्या दारात पोचते तो काय, देवसिंग गल्ला सोडून खाटेशी येऊन बसलेला. जमनी भिंतीमागे जागच्या जागी थांबली. हलावं तर पाणी हिंदकळेल, पाणी हिंदकळलं तर आवाज होईल.

"याडी, तू बोलत नाही आजकाल," देवसिंग खाटेला सांगत होता. "रागावली काय? पाह्य, म्या लहान होतो ना, तू मोळी घेऊन चालत होती अन् तुह्या टाचेतून रक्त येत होतं. म्या मागून पाहत जाव. तवाच ठरवलं होतं, मोठा झालो का याडीले जमिनीवर पाय ठेवू द्याचा नाही. दुसरं काही मागतलं नाही म्या देवापाशी." मग आवाज उतरवून म्हणाला, "पन खरं सांगू? मले काही बरं वाटत नाही. दिवसभर बसून राह्यतो. छाती भरून येते. पैसा हाय, पोरगं झालं, अन् हसूच येत नाही. कोनाले सांगू?"

खाटेवरून मोतीबाई "हूं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पण तिनं ओढणी आणखी खाली ओढून घेतली.

भिंतीमागे जमनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात घागरींना, पुसायची सोय नाही. तिला वाटलं होतं लेक मोठेपणासाठी करतो. हा तर तिच्या टाचांसाठी झुरत होता! आता काय करावं? उभं राहावं तर त्याचं मन मोडतं. बसावं तर आपला जीव मोडतो. रात्रभर विचार केला आणि सकाळी मोतीबाईला म्हणाली, "म्या बसतो वं. त्याच्यासाठी बसतो. सुखीबाई राखीन हांडा."

धुंडीचा दिवस उजाडला. डफ वाजू लागले. मोतीबाई पोराला नटवून मांडीवर घेऊन बसली, बाजूला खाटेवर जमनी, आणि खाटेशी पहारेकऱ्यासारखा देवसिंग. बायकांची ओळ लागली. नायकानं हात वर केला आणि गेरिया सुटले!

काय सांगू तुम्हाला! लाठ्यांचा कडकडाट, गड्यांच्या बोंबा, धुळीचे लोट. सुखीबाई एकेकाला नाव घेऊन हाणत होती. पण गेरियांत धावजी नावाचा एक दांडगा गडी होता. तो पाठीवर मार झेलत पोटावर सरपटत आत शिरला आणि त्यानं एका खुंटाची दोरी सोडली. खाटेवर जमनीचे पाय आपोआप जमिनीकडे सरकू लागले. तिनं दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. हांडा एका अंगाला कलंडला. एक गुंजा बाहेर पडला, मातीत.

तो गुंजा पडला आणि जमनीचं भान गेलं. खाटेवरून टुणकन उडी मारली, कोणाच्या तरी हातातली लाठी हिसकली आणि रिंगणात! "माह्या नातवाचा हांडा हाय रे! सोड!" धावजीच्या पाठीत असा फटका बसला की तो बेडकासारखा उडाला. बायकांनी एकच कल्ला केला.

"याडी! याडी, पडशीन!" देवसिंग तिला ओढून आणायला धावला. पण बाप्पा, रिंगणात शिरला तो गडी गेरियाच, मग तो लेक का असेना! जमनी वळली. समोर लेक, आणि हात आधीच उगारलेला. लाठी फाडकन त्याच्या मांडीवर बसली. देवसिंग किंचाळला आणि पळाला. आणि ही त्याच्या मागे! डफावरून, घरामागून, शेणाच्या उकिरड्याला वळसा घालून. पोट सांभाळत तो पुढे, लाठी फिरवत माय मागे. पळता पळता त्यानं मागे पाहिलं आणि त्याचा विश्वास बसेना. म्हातारी हरणीसारखी येत होती, आणि वर गात होती!

"तुले पळता कवापासून येते वं?" तो धापा टाकत ओरडला.

"थ्या खाटेवर म्या होती!" मोतीबाई अंगणातून ओरडली. "समदं मलेच सांगतलं तुमी!"

देवसिंग थांबलाच. तोंड उघडं. आणि तेवढ्यात अंगणातून आरोळी उठली. पहिल्या ओळीतली सगळ्यात जबरी लाठी लेकामागे पळाली म्हटल्यावर गेरियांना रान मोकळं! धावजीनं हांडा खांद्यावर घेतला आणि टोळकं नाल्याकडे सुटलं.

देवसिंगानं ते पाहिलं. आता हा गडी माणूस, यानं गेरियांच्या बाजूनं नाचायचं, की नाही? पण यानं मायच्या पाठीवर थाप मारली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "याडी, हांडा चालला! पळ! पळ, याडी, पळ!"

आणि दोघं पळाले. अख्खा तांडा मागे. नाल्याच्या वाळूत जमनीनं धावजीचा सदरा मागून पकडला, तो पडला, हांडा पडला, गुंजे वाळूत पसरले आणि सगळे जण वाळूसकट खाऊ लागले. हांडा कोणी जिंकला याच्यावर तिथंच दोन भांडणं लागली.

देवसिंग सगळ्यात मागून आला. आला म्हणजे काय, शेवटची वाट रांगत आला. वाळूत उताणा पडला, तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी, अंग गदगद हलतंय. "याडी," तो घाबरून म्हणाला, "माह्या छातीत काय होऊन राह्यलं वं? थांबतच नाही."

जमनीनं लाठी टाकली, त्याच्याजवळ बसली आणि छातीवर हात ठेवला.

"काही नाही झालं, लेका," ती म्हणाली. "तू हसून राह्यला."