नानासो तापला की

कुपवाडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात नानासो जाधव फोरमन होता. पलटणीतून हवालदार म्हणून सुटला, गावाकडं मन रमेना, म्हणून १९९३ साली सांगलीला आला. माणूस मनाचा चांगला. कुणाच्या घरी आजारपण निघालं तर आपली मोटारसायकल काढून द्यायचा. पण राग आला की तोंडातून काय निघेल याचा नेम नसायचा. तासाभरात तो सगळं विसरायचा. कामगार मात्र विसरत नसत.

तीन वर्षांनंतरची गोष्ट. मालकांनी सकाळीच फोनवर झापलं होतं, माल चारच्या ट्रकनं गेलाच पाहिजे. तेव्हापासून नानासो एका जागी ठरेना. चहा तसाच निवला. दोनदा भट्टीकडं, दोनदा फाटकाकडं येरझाऱ्या झाल्या. तो शेडमध्ये शिरला तशी कुठंतरी हातोडी दोनदा वाजली आणि सगळ्या माना खाली गेल्या.

"वता रं! बघत काय बसलाय?"

दोघांनी लोखंडाच्या लालबुंद रसाची बादली दांड्यानं उचलली. वाळूचे दोन साचे भरले. तिसऱ्यापाशी आले तसा साचे करणारा ज्ञानू नेहमीपेक्षा दोन पावलं जास्त मागं सरकला. वीस वर्षं वाळूत हात घातलेला माणूस उगीच सरकत नाही.

"थांबा! ज्ञानू, मागं का सरलास?"

"काय न्हाई, सायेब."

नानासोच्या ओठांपर्यंत शिवी आली होती.  ती गिळून तो एका रिकाम्या पेटीवर मटकन बसला. शेडमध्ये त्याला बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"मघा मी आत आलो तवा हातोडी वाजली आन समद्यांच्या माना खाली गेल्या. कुणी वाजवली?"

 ज्ञानूच म्हणाला, "रागावू नगा. तुमचे कान लाल झाले की आमी वाजवतो. मंग तासभर तुमच्याम्होरं कोन तोंड उघडत न्हाई."

"कवापासनं?"

"तुमी आलासा तवापासनं."

एकजण फिसकन हसला आणि लगेच खोकला.

"आन आज काय सांगायचं राहिलं?"

"ह्यो साचा वल्ला हाय. पान्याची नळी गळत हुती. मघा सांगाया निघालतो, तवर हातोडी वाजली."

ओल्या साच्यात रस पडला असता तर वाफेनं उसळून दोघांच्या अंगावर आला असता. ते दोघं अजून बादली धरून उभे होते.  नानासो पेटीवरून उठला.

"ह्यो सोडा. बाकीचे भरा. माल कमी जाईल, मालकांना मी सांगतो."

तो फोनकडं निघाला.  दारात अर्जुना आडवा आला. भट्टीवरचा हा माणूस कधी आपण होऊन बोलायचा नाही.

"सायेब, आनि एक हाय. वर वजन उचलायची साखळी... तिची एक कडी चिरलीया. म्हैना झाला."

"म्हैना?" नानासोचा आवाज चढलाच. अर्जुना दचकला, पण जागचा हलला नाही.

नानासोनं आवाज खाली आणला. "चल," तो म्हणाला, "दाखव कुठली."