अवसेला जुंपलेले बैल

ती घटना आजही आठवते, आणि तिच्यासोबत तांदळाच्या पेजेची चवही.

मी कोकणातला, तिसरीतच शाळा सुटलेला. शहाद्याकडच्या ठाण्यावर जमादार होऊन आलो आणि हिवतापाने आडवा झालो. भाकरी गिळवेना. तापीकाठच्या एका गावचे पुढारी, सगळे त्यांना आबा म्हणत, मला घरी घेऊन गेले. त्यांच्या घरच्या माउलीने मलाच विचारून विचारून पेज शिजवली. त्यावर मी उठलो.

गावात लोकल बोर्डाच्या निवडणुकीवरून दोन तट होते. आदल्या साली विरोधी तटाचा एक गडी कोर्टात खोटी साक्ष देताना सापडला. आबा चावडीवर गरजले, "शपथ म्हंजे शपथ! सोडानं नही." विरोधक म्हणाले, गरिबाला अडकवलं. गडी सजा भोगून आला.

पुढे विरोधी तटाच्या एका तरुणाचा हात लाठीने मोडला. आरोपी आबांचा मुलगा. आबांच्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने, मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगितलं, की त्या तारखेला धाकले धनी दिवसभर माझ्यासोबत बैल जुंपून मोट हाकत होते. खटल्याला पुढची तारीख पडली.

दोन दिवसांनी जखमीची आई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली.

"भाऊ, तठे इंग्रजी तारीख बोलनात, माले काय समजस? घर यीसन भटले इचारं. त्या दिन अवस व्हती. अवसले आमना गावमा कोन बैल जुपस?"

अमावास्येला या मुलखात बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे मला परक्याला ठाऊक नव्हतं. पंचांग पाहिलं. अमावास्याच. साक्ष पढवताना कॅलेंडरवरची तारीख पाहिली होती, तिथी कुणी पाहिलीच नव्हती.

सालदाराला बोलावलं. दमदाटी न करता बैलांची नावं विचारली. तो खुलला. मग म्हटलं, "आणि अशा बैलांना तू अवसेला जुंपलंस?"

तो ताडकन उठला. "मी अवसले बैल कव्हयच जुपेल नही, जमादार!" आणि मटकन खाली बसला. "आबांनी सांगं तसं बोलनू. आत्ते मी जेलमा गयू ते पोरे काय खातीन?"

बातमी फुटली. विरोधक ठाण्यावर आले, "सालदारले सजा व्हवालेच पाहिजे!" त्यांच्यामागे आबा. "गरीब मानूस, जीभ घसरनी." दोन्ही तटांनी गेल्या सालची भाषणं अदलाबदल करून घेतली होती. मी ऐकत नाही म्हटल्यावर आबा हळूच म्हणाले, "मंग त्यानंच नाव लिख. मन्हं नको. आमनी पेज पीसन उठना तू, याद शे ना?"

याद होती. टाक हातात धरून बराच वेळ बसलो. मग रिपोर्टात साक्ष पढवणारा म्हणून आबांचं नाव वर लिहिलं, सालदाराचं खाली.

पुढच्या तारखेला सालदाराने स्वतःहून खरं सांगितलं. मॅजिस्ट्रेटने त्याला ताकीद देऊन सोडलं. आबांच्या मुलाला सजा झाली. आबांवरचे कागद वर गेले आणि माझी बदली झाली. ते कागद परत कुणाला दिसल्याचं ऐकलं नाही.

आपल्या माणसाचं खोटं लोकांना दिसत नाही असं म्हणतात. नोकरीने मला वेगळं शिकवलं. दिसतं सगळ्यांना. पण कुणाच्या तरी घरची पेज पोटात असते, आणि हात जड होतो. माझाही झाला होता.

निघताना आबांच्या घरी पाया पडायला गेलो. आबा बाहेर आले नाहीत. माउली दारात आली.

"जेवन व्हयनं का, भाऊ?"

मी सकाळपासून उपाशी होतो. म्हणालो, "हो, झालं."