पार्किंगमधली शर्यत

लेकीच्या मोटारसायकल शर्यतीचे फोटो काढायला मी नवशिक्यांचा डीएसएलआर घेऊन मातीच्या ट्रॅकच्या वळणावर उभा होतो. शटर सगळ्यात वेगवान ठेवलं होतं आणि गाडी समोर आली की फटाफट बटण दाबत होतो. पहिली शर्यत संपल्यावर लेकीनं फोटो पाहिले आणि कपाळाला हात लावला. "बाबा, मी जीव तोडून गाडी पळवली आणि तुम्ही ती पार्किंगमध्ये लावून टाकलीत!"

खरंच होतं. चाकाची तार न् तार दिसत होती, वेग मात्र कुठेच नव्हता.

दुसऱ्या शर्यतीला मी शटर मंद केलं आणि ती दिसल्यापासून दिसेनाशी होईपर्यंत कॅमेऱ्यासकट तिच्याबरोबर वळत राहिलो. "अहो, माझा पाय तुडवताय!" शेजारचे काका ओरडले. पळणाऱ्याला पाहायचं तर त्याला थांबवू नये, आपणच त्याच्याबरोबर वळावं, हे मला या वयात, धूळ खाता खाता कळत होतं.

बरेच फोटो हुकले, एक साधला. त्यात झाडं, माणसं, मांडव, सगळ्याच्या पुसट रेघा झाल्यात आणि फक्त ती स्पष्ट आहे.

मला ती जन्मापासून अशीच दिसते. कॅमेऱ्याला आज दिसली.