आई ईस्ट कोस्टला पोहली तेव्हा

नव्वदच्या दशकात आम्ही सिंगापूरला, तोआ पायोहमध्ये, अकराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. नवरा मरीन इंजिनिअर. बरीच वर्षं बोटीवर काढून तो नुकताच किनाऱ्यावरच्या नोकरीत आला होता. बंदरात येणाऱ्या जहाजांची दुरुस्ती नीट होतेय ना हे बघायचं, असं ते काम. मुलगी बालवाडीत जायची आणि घरी येऊन आमच्या मराठीला तिथल्या इंग्रजीत "कॅनॉट लाह" अशी उत्तरं द्यायची. त्या वर्षी माझी आई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली. बाबांनी यायला साफ नकार दिला. त्यांना पुण्यातलं त्यांचं वर्तमानपत्र आणि त्यांची बाग सोडवत नव्हती.

आई आली आणि आठवड्याभरात कंटाळली. स्वयंपाकघरात माझ्या हातातलं काम काढून घ्यायची, ते संपलं की खिडकीशी उभी राहून खाली बघायची.

"इथं माणसं जमिनीवर येतात तरी कधी गं?" तिनं एकदा विचारलं.

माझ्या नवऱ्यानं ते मनावर घेतलं. त्याच्या डोक्यात भूमध्य समुद्रावरचं एक शहर कायमचं बसलेलं होतं. बोट तिथल्या बंदरात लागली असताना त्याला एक दिवसाची सुट्टी मिळाली होती. ट्राममधून उतरलं की थेट वाळू, आणि वाळूवर अख्खं गाव. पोरंबाळं, काका-मामा, आणि घडीच्या खुर्च्या पाण्यात मांडून, गुडघ्यापर्यंत पाय बुडवून गप्पा मारत बसलेल्या म्हाताऱ्या. ही गोष्ट तो कुणी समुद्राचं नाव काढलं की सांगायचा. तिथल्या त्या म्हाताऱ्या बघून आपल्याला घरच्यांची आठवण आली होती, असं म्हणताना त्याचा आवाज अजूनही जरा बदलायचा.

"आईंना ईस्ट कोस्टला नेऊ या," तो म्हणाला. "तसंच आहे अगदी. शहरातच बीच."

आई म्हणाली, "समुद्र मी बघितलाय. जुहूला. परत परत काय बघायचा?"

पण जावयाचा शब्द मोडायचा नाही म्हणून रविवारी सकाळी ती तयार झाली. पांढऱ्यावर बारीक निळी फुलं असलेली सुती साडी, पायात रबरी चपला, पिशवीत थर्मास. नवऱ्यानं एक घडीची खुर्ची आणली होती, ती खांद्याला लावून तो पुढं. मुलगी कमरेत फुगवलेलं केशरी टायर घालूनच निघाली आणि एमआरटीच्या गाडीत, मग बसमध्ये, सगळ्यांना धडकत गेली.

ईस्ट कोस्ट म्हणजे समुद्रात भर घालून केलेली जमीन. वाळूसुद्धा दुसरीकडून आणलेली. पण सुरूची झाडं चांगली उंच झाली होती आणि त्यांच्या खाली मलाय कुटुंबांनी चटया टाकून निम्मं घर मांडलेलं होतं. कुणी तंबू ठोकला होता, कुणी भाड्याच्या सायकलवर तिघं बसून चाललं होतं. कोळशाच्या शेगड्यांवर कोंबडीचे पंख भाजत होते. आईनं नाकाला पदर लावला, पण नजर मात्र प्रत्येक शेगडीवर टाकत गेली. समोर पाणी हिरवट, संथ, आणि पलीकडे नांगर टाकलेल्या जहाजांची रांग.

नवऱ्याला लगेच उत्साह आला. "ते बघा आई, ते लाल पोटाचं दिसतंय ना? रिकामं आहे, म्हणून एवढं वर उचललंय. आणि त्याच्या मागचा टँकर."

"हो का," आई म्हणाली. "धुणी कुठं वाळत घालतात ते लोक?"

मग त्यानं खुर्ची उघडली आणि सरळ पाण्यात नेऊन मांडली. घोट्याएवढ्या पाण्यात. दोन पावलं मागं येऊन त्यानं ती जागा नीट न्याहाळली आणि आईला हात केला. "या, बसा. पाय पाण्यात सोडून बसायचं."

आई किनाऱ्यावरच थांबली. "तिथं?"

"हो, फार छान वाटतं."

"जावईबापू, पाण्यात आसन मांडून बसायला मी काय विसर्जनाला आलेला गणपती आहे?"

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. नवऱ्याचा चेहरा पडला. त्यानं खुर्ची उचलून कोरड्या वाळूवर आणली, आई तिच्यात ताठ बसली, मांडीवर पिशवी ठेवून, एसटीची वाट बघत असल्यासारखी. मी चटई घातली. मुलगी काठाजवळ पाण्यात नाचत होती.

तेवढ्यात तिनं टायर कमरेतून काढलं, डोक्यावर धरलं आणि का कोण जाणे, पाण्यात भिरकावलं. वारा जमिनीकडून वाहत होता. टायर हलकं, नुसतं हवेचं. ते पाण्यावरून घरंगळत निघालं. आधी आम्हाला गंमत वाटली. मग ते थांबेचना. मुलीनं भोकाड पसरलं.

"बाबा! गेट इट! माझं टायर!"

नवरा पँट वर करून पाण्यात शिरला. गुडघे, मांड्या, कंबर. तिथं तो थांबला. टायर आणखी पुढं. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. माझ्या नवऱ्याला पोहणं जेमतेम येतं, आणि तेही लाइफ जॅकेट घालून, हे मला ठाऊक होतं. कुणी विचारलं की तो म्हणायचा, "बोटीवर पोहायचं काम नसतं. बोट तरंगती ठेवायचं काम असतं."

"जाऊ दे!" मी ओरडले. "दुसरं आणू!"

माझ्या शेजारी खुर्ची करकरली. आई उठली होती. तिनं चष्मा काढून माझ्या हातात दिला. "धर. वाळूत ठेवू नकोस." पदर खोचला, निऱ्या मागं ओढून घट्ट कासोटा घातला आणि चालत पाण्यात गेली. मला वाटलं, नातीला उचलून आणायला गेली. ती नातीच्या शेजारून गेली. जावयाच्या शेजारून गेली. आणि मग ती दिसेनाशी झाली.

"आई!" मी किंचाळले.

चार हात पुढं तिचं डोकं वर आलं. करड्या केसांचा अंबाडा, ताठ मान, आणि दोन्ही हात आळीपाळीनं पाणी मागं ढकलणारे. माझी आई पोहत होती.

मी चष्मा हातात धरून नुसती उभी होते. ही बाई मला जन्मापासून माहीत होती. तिचा दमा कुठल्या महिन्यात उठतो, तिला कुठलं गाणं आवडत नाही, वरणात गूळ किती घालते, सगळं. आणि ती समुद्रात साडीनिशी पोहत होती, घाई न करता, बाजारात निघाल्यासारखी. मुलगी रडायची थांबून उड्या मारायला लागली. "गो आजी, गो!" शेजारच्या चटईवरची मलाय पोरंही उठून आली आणि तीही ओरडायला लागली, "गो आजी!" आजी म्हणजे काय हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

तिनं टायर पकडलं. आता वळेल म्हणून मी श्वास सोडला, तर ती वळली खरी, पण आमच्याकडे नाही. टायर बगलेत मारून ती किनाऱ्याला धरून दगडी बांधाच्या दिशेनं निघाली. तिथं फुलाफुलांची रबरी टोपी घातलेली एक चिनी बाई पोहत होती. आईच्याच वयाची असावी. दोघींची तोंडं एकमेकींकडे वळली. काही बोलल्या असाव्यात. मग दोघी शेजारी शेजारी बांधापर्यंत गेल्या, आणि तशाच परत आल्या.

नवरा अजून कमरेएवढ्या पाण्यातच उभा होता. आई त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, टायर त्याच्या हातात दिलं.

"आई, तुम्हाला पोहता येतं?"

"मग आत्ता काय करत होते मी?"

रबरी टोपीवाल्या काकू मागोमाग बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "युअर मदर व्हेरी स्ट्राँग, लाह! बट व्हाय वेअर सो मच क्लॉथ?"

आम्ही आईला दोन टॉवेल गुंडाळले. थर्मासमधला चहा झाकणातून पीत ती चटईवर बसली. खुर्ची तिनं नवऱ्याला देऊन टाकली होती. मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. तिच्या माहेरी, साताऱ्याकडच्या खेड्यात, मळ्यात मोठी विहीर होती. दुपारी गडीमाणसं भाकरी खायला गेली की पोरी विहिरीवर जायच्या. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि थोरल्या भावानं काठावरून ढकलून द्यायचं, हेच शिकणं. पुढच्या उन्हाळ्यात भोपळा सुटला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती मोटेच्या धावेवरून मुटका मारायची आणि काठावर बसलेल्या सगळ्यांना भिजवायची.

"पण विहिरीत पोहून जाणार कुठं?" ती म्हणाली. "गोल गोल फिरायचं. आज पहिल्यांदा सरळ गेले."

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?" माझा आवाज मला वाटला त्याहून जास्त दुखावलेला निघाला.

आईनं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "तू विचारलंस कधी? आणि तुला नुसतं पाणी दिसलं तरी सर्दी व्हायची."

त्या संध्याकाळी मी बाबांना पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं ते हादरतील.

"म्हणजे आत्ता कळलं तुला?" बाबा शांतपणे म्हणाले. "लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तिनं मला त्या विहिरीत शिकवायला घेतलं होतं. मी पार तळाशी जाऊन आलो. तेव्हापासून आमच्यात पोहण्याचा विषय बंद आहे."

त्यानंतर आम्ही दर रविवारी ईस्ट कोस्टला जायला लागलो. तोआ पायोहच्या दुकानातून आईनं स्वतः निवडून सैल टी-शर्ट आणि काळी घोट्यापर्यंतची तंग विजार आणली. पहिल्यांदा ते घालून बाहेर आली तेव्हा ती जावयासमोर थोडी संकोचली. नवऱ्यानं तिच्याकडे न बघता जहाजांकडे बघत म्हटलं, "पाणी आज चांगलं आहे, आई," आणि संकोच तिथंच संपला. टोपीवाल्या काकूंनी तिला आपला जुना पोहायचा चष्मा दिला. आईनं त्यांना शेंगदाण्याचे लाडू दिले. त्यांची भाषा म्हणजे काकूंचं इंग्रजी, आईचं मराठी आणि बांधाकडे केलेलं बोट. दोघींचं काही अडलं नाही.

मग माझी पाळी आली. मी नको नको म्हणत असताना आईनं मला छातीएवढ्या पाण्यात नेलं, मानेखाली हात धरला आणि म्हणाली, "आडवी हो. पोट वर. वर म्हणजे आभाळाकडे. सासरी आल्यासारखं अंग चोरू नकोस."

नाकातोंडात पाणी गेलं. मी तिच्या गळ्यात पडले, तिला ओरबाडलं. लहानपणी रागवायची तशी ती रागावली. काठावर माझी लेक टाळ्या वाजवत होती आणि नवरा, बोटीवरचा माणूस, मला सूचना देत होता. दोन-तीन रविवार हे असंच चाललं. मग एका सकाळी कानांत पाणी भरलं, बाहेरचे सगळे आवाज बुजले, वरून चांगी विमानतळाकडे उतरणारं एक विमान सावकाश गेलं, आणि माझ्या लक्षात आलं की मानेखाली हात नाही. आई माझ्यापासून वावभर दूर उभी होती, दोन्ही हात पाण्याबाहेर काढून, मला दिसतील असे.

व्हिसा संपला तशी आई परत गेली. विमानतळावर रडारडी झाली, मुलीनं तिच्या पदराला गाठ मारून ठेवली, जे सगळीकडे होतं ते झालं. पुढचा रविवार आम्ही घरीच काढला. त्याच्या पुढच्या रविवारी मुलगी ऐकेना म्हणून गेलो.

टोपीवाल्या काकू होत्याच. त्यांनी माझ्या मागं बघितलं, नवऱ्याच्या मागं बघितलं. मग विचारलं, "मदर व्हेअर?"

"गॉन बॅक टू इंडिया, आंटी."

त्यांनी मान हलवली. पायानं वाळू उकरत उभ्या राहिल्या. मग टोपी कानांवर ओढत म्हणाल्या, "देन यू कम."

मी म्हटलं, मला नीट येत नाही, मी फक्त तरंगते, थोडे हात मारते. त्यांनी ते ऐकलंच नाही. त्या पाण्यात उतरल्या होत्या. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान डोलावली आणि मुलीचा हात घट्ट धरला.

बांधापर्यंत काही मी पोचले नाही. अर्ध्या वाटेवर दम लागला, पाठीवर वळले आणि तशीच पडून राहिले. काकू पुढं गेल्या नाहीत. माझ्याभोवती सावकाश फेऱ्या घालत राहिल्या, अधूनमधून थांबून "ओके? ओके?" म्हणत, आणि मी दर वेळी ओके म्हणत होते.